कोंडीपासून बंधाऱ्यापर्यंत

मला काळजी करायला कारण लागत नाही, असं माझा नवरा म्हणतो. ते खरं आहे. गॅस बंद केला की नाही या विचाराने मी एकदा बोर्ली पंचतनच्या बाजाराला जाताना अर्ध्या वाटेवरून रिक्षा परत फिरवली होती, आणि गॅस बंदच होता. अशा बाईला गावाने ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून दिलं आणि वर गुरचरणाचं काम गळ्यात टाकलं. दुसरं कुणी घेत नव्हतं, म्हणून मला दिलं. पण काळजीच वाहायची होती तर माणूस बरोबर निवडला, असं म्हणायला हवं.

गुरचरण म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेली सरकारी जमीन, गुरांना चरायला राखलेली. गुरं आता थोडी उरली आहेत, त्यामुळे त्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा. कुणाला तिथे क्रिकेटचं मैदान हवंय, कुणाला मोबाइलचा टॉवर, आणि किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना टँकर वर नेता येईल असा रस्ता. प्रत्येक जण माझ्याकडे येऊन गोड बोलतो आणि मला त्या रात्री झोप लागत नाही. या जमिनीतून आमची नदी खाली उतरते. नदी आम्ही प्रेमाने म्हणतो. बाहेरचा माणूस तिला ओढाच म्हणेल. उन्हाळ्यात ती ठिकठिकाणी तुटते आणि पाणी राहतं ते फक्त गावाखालच्या कोंडीत.

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. काठावर देवीची घुमटी आहे आणि कोंडीतले मासे देवीचे. हाताएवढे लांब, सोनेरी खवल्यांचे, ओठाला मिश्या असलेले. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यासमोर गळ धरायचा नाही, कोंडीत साबण न्यायचा नाही. गणपतीला मुंबईहून येणारी माणसं आधी पिशवी काठावर ठेवून माशांना कुरमुरे टाकतात आणि मग घरी जातात. पण हा सगळा मान कोंडीपुरता. पावसात पाणी चढलं की तोच मासा कोंडीबाहेर पडतो, प्रवाहाच्या उलट वर निघतो, आणि कोंडीच्या तोंडाची मोठी शिळा ओलांडली की तो वलगणीचा मासा होतो. पुराच्या पाण्याने चढणाऱ्या माशांना आमच्याकडे वलगणीचे मासे म्हणतात, आणि ते पकडायला अख्खी वाडी इरली-छत्र्या घेऊन निघते. कोंडीत देवी, कोंडीबाहेर कालवण. यात काही विसंगत आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. मलाही नाही, मी स्वतः त्या कालवणावर वाढलेय.

माशांचा अभ्यास करणारी एक बाई पुण्याहून आली, तेव्हापासून हे सगळं बिघडलं. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पायात पुरुषी बूट, डोक्याला टोपी. मी तिला सरपंचांच्या सांगण्यावरून कोंड दाखवायला नेलं. हा मासा महाशीरच्या जातीतला आहे आणि सह्याद्रीतल्या नद्यांमधून तो संपत चाललाय, असं तिने सांगितलं. मला जरा अभिमानच वाटला. मी कुरमुऱ्यांची पुडी सोडली, मासे वर आले, पाणी उकळल्यासारखं झालं. ती मात्र खुश झाली नाही. काठावर बसून बराच वेळ बघत राहिली, एका काठीला कॅमेरा बांधून तो पाण्यात फिरवला, आणि मग मला विचारलं, “यात लहान कुठे आहेत?”

मी म्हटलं, लहान म्हणजे?

तिने सांगितलं, हे सगळे मोठेच आहेत. बोटाएवढी पिल्लं, वीतभर लांबीची, मधल्या वयाची, काहीच दिसत नाहीत. हा मासा पुष्कळ वर्षं जगतो, म्हणून कोंड भरलेली दिसते. म्हातारे आहेत तोवर दिसेल. मग एखाद्या उन्हाळ्यात याल आणि कोंड रिकामी असेल.

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्या वाडीचंही तसंच आहे, मोठेच उरलेत, पोरं सगळी घणसोलीला आणि कळंबोलीला. ती हसली नाही आणि माझंही हसू तोंडातच राहिलं. लहानपणी आम्ही कोंडीत पाय सोडून बसायचो तेव्हा बारकी पिल्लं येऊन टाचा कुरतडायची. गुदगुल्या व्हायच्या म्हणून आम्ही किंचाळायचो. ती पिल्लं कधीपासून येईनाशी झाली, हे मला काही केल्या आठवेना. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते आपण इतकी वर्षं बघितलंच नाही, तर आणखी काय काय बघितलं नसेल, असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या कडेने वर चालत निघालो. कोंडीनंतर थोडं अंतर दोन्ही बाजूंना भातशेती लागते, मग गुरचरणाची हद्द, आणि हद्दीच्या तोंडाशीच नदीवर आडवा सिमेंटचा बंधारा. बाईने बंधाऱ्यावर तळवा ठेवला आणि वर बघितलं, खाली बघितलं. ती बोलायच्या आधीच मला कळलं. मी घाईघाईने तिला कोकम सरबत हवं का विचारलं, घरी चला म्हटलं, ऊन फार आहे म्हटलं. तिने शांतपणे सांगितलं ते सांगितलंच. हा मासा कोंडीत राहतो, पण अंडी घालतो ती वर, वाहत्या उथळ पाण्यात, बारीक गोट्यांवर. तशी जागा वर गुरचरणात आहे, झाडी आहे, पाणी स्वच्छ आहे. फक्त तिथे पोचायला वाट नाही. पुरात मासा या भिंतीपर्यंत येतो, उड्या मारतो, थकतो आणि पकडला जातो.

तो बंधारा माझ्या वडिलांनी बांधलाय.

गावात त्याला ‘फिटरचा बंधारा’ म्हणतात. बाबा रोह्याला कंपनीत फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले त्या उन्हाळ्यात गुरांना प्यायला पाणी नव्हतं आणि कोंडही नेहमीपेक्षा खाली गेली होती. बाबा देवाधर्माचे नाहीत, पण देवीच्या माशांना पाणी कमी पडू नये असं सांगितलं तर लोक कामाला येतात, हे त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या वाडीने श्रमदान केलं. दगड डोक्यावरून वाहिले, आई रोज भाकऱ्यांची टोपली भरून पाठवायची, आणि बाबा ओळंबा धरून उभे. भिंत सुतात आली नाही तर ते केलेलं काम उचकटायला लावायचे, लोक मागून शिव्या द्यायचे. त्या पावसात भिंतीच्या पायथ्याशी वलगणीचे मासे हाताने उचलता येतील इतके मिळाले. फिटरने बंधारा बांधला आणि वलगण दारात आली, असं लोक कौतुकाने सांगायचे. देवी प्रसन्न झाली, असंही म्हणायचे. पुढे पुढे मासे कमी मिळू लागले, तर पाऊसच पूर्वीसारखा पडत नाही असं ठरलं. आता बंधाऱ्यामागे गाळ साचलाय, उन्हाळ्यात तिथे पाणी टिकत नाही. पण बाबा रोज सकाळी तिथे जातात, अडकलेला पालापाचोळा काढतात, भिंतीवर हात फिरवून परत येतात. आई गेल्यापासून तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. 

माझं माहेर आणि सासर एकाच गावात आहे, वरची वाडी आणि खालची वाडी. त्यामुळे बाबांना सांगायला मला कुठे लांब जायचं नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय. त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवी मुंबईतल्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, तू बाबांना कसलं टेन्शन देऊ नकोस, माशांचं काय, बाजारात मिळतात. मी रोज डबा घेऊन वरच्या वाडीत जायची, सांगायचं ठरवून जायची आणि गोळ्या घेतल्या का विचारून परत यायची. इकडे बाईचे फोन. बंधाऱ्यात वाट करायची तर पावसाआधी करायला हवी. कोंडीतल्या माद्या म्हाताऱ्या आहेत, एकेक पावसाळा मोलाचा आहे. मी हो हो म्हणायची. आकाशात ढग दिसला की मी पावसाला किती दिवस उरले ते मोजायची.

शेवटी बाबांनीच विषय काढला. मी डबा ठेवत होते, ते ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होते.

“बाय, माझ्या बंधाऱ्याला कसला रोग झालाय ते मला कोन सांगनार हाय का न्हाय? का गावभर फिरून झाल्यावर सांगनार?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही, त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबली नाहीत. वालाची सालं एका बाजूला, बिरडं दुसऱ्या बाजूला, तसंच चाललं होतं. माझं सांगून संपल्यावर ते म्हणाले, “म्हंजे मी पोरांची वाट अडवली.”

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं, कुणालाच माहीत नव्हतं. ते त्यांना आवडलं नाही. त्या बाईला माशाने येऊन सांगितलं काय, असं काहीबाही बोलले, आवाज चढला. त्यांचा हात छातीकडे जातोय का तेवढंच मी बघत होते. मग मला म्हणाले, घरी जा, मला सैपाक करायचाय. मी आणलेला डबा समोर होता.

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. ते चाललं असतं, आमच्यात अबोला काही नवा नाही. पण ते बंधाऱ्यावरही जाईनात. सकाळी ओटीवर नुसते बसून राहायचे. याची मला जास्त धास्ती वाटायला लागली. काहीतरी निमित्त काढून मी नवऱ्याला पाठवायची, कधी पेपर द्यायला, कधी दाढीचं ब्लेड द्यायला. नवरा परत येऊन सांगायचा, आहेत, बसलेत. बसलेत म्हणजे कसे बसलेत, असं मी विचारायची. तो वैतागायचा.

एका सकाळी गेले तर दाराला कडी आणि बाबा घरात नाहीत. गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच, सकाळची गोळी घेतलेली नाही. मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही. चप्पल पायात आहे की नाही याचं भान न ठेवता मी गुरचरणाकडे धावत सुटले. बाबा बंधाऱ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले होते, जसा माणूस बैलावर बसतो तसे, आणि हातात खडू होता. भिंतीच्या मधोमध त्यांनी रेघा मारल्या होत्या.

मला दम लागला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “फोडायचा न्हाय. कापायचा. फोडला तर मागचा सगला गाळ कोंडीत जाऊन बसंल, मग कसले मासे न् कसलं काय.”

मी खाली दगडावर बसले आणि रडले. गोळी का घेतली नाही म्हणून ओरडले आणि परत रडले. त्यांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, झालं असंल तर हात दे, उतरायचंय.

बाईला फोन केला तर तीही म्हणाली की गाळाचं तेच मी सांगणार होते. ती आणि बाबा मग फोनवर बोलायला लागले. खाच किती रुंद हवी, खाली पाण्याला पायऱ्या कशा हव्यात, मासा एका दमात किती चढतो. बाबा तिला ‘मॅडम’ म्हणायचे आणि फोन ठेवला की ‘ती पोर’ म्हणायचे. परवानगीसाठी मी तालुक्याला गेले. तिथल्या साहेबांनी बराच वेळ शोधलं आणि सांगितलं की असा बंधारा नोंदीतच नाही. जो नाहीच तो तोडायची परवानगी कशी देणार? मी विचारलं, मग उद्या नोंदीत आला तर? ते म्हणाले, ताई, तुम्ही काळजी करू नका. हे वाक्य माझ्याशी कुणी बोलू नये.

ग्रामसभेत मला वाटलं होतं तेवढं भांडण झालं नाही. ज्याचा बंधारा तोच कापा म्हणतोय म्हटल्यावर लोक काय बोलणार? देवीच्या गुरवाने मान डोलावली. पण नुसती वाट करून भागणार नव्हतं. पावसात त्या खाचेत कुणी जाळं लावलं तर सगळी मेहनत एका सकाळी कालवणात जायची. म्हणून ठराव केला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, खाचेत आणि तिथून वर गुरचरणात नदी उगवते त्या झऱ्यापर्यंत पावसाळ्याचे महिने कुणी मासे पकडायचे नाहीत. कोंडीचं लिहायची गरज नव्हती, ती देवीचीच. मी ठराव मोठ्याने वाचला, सगळ्यांनी हात वर केले. माझा चुलत भाऊ सगळ्यात पुढे बसला होता, त्याने दोन्ही हात वर केले. 

गाळ काढायला माणसं आली ती बहुतेक बंधारा बांधायला आलेलीच, आता पिकल्या डोक्यांची. घमेली हातोहात वर गेली. मग ब्रेकर लावून खाच कापली. बाबा छत्री धरून जवळ उभे होते. यंत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही, मीच फिरवलं. आतला दगड दिसायला लागला तेव्हा त्यांनी यंत्र थांबवायला लावलं, वाकून बघितलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, बघ, माल कसा मारला होता, अजून सुटत न्हाय. तेवढंच बोलले. खाली मोठे दगड बसवून पाण्याला पायऱ्यांची उतरण केली, एक दगड त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवायला लावला, आणि या वेळीही लोकांनी मागून शिव्या दिल्या.

मग पाऊस लागला आणि माझी खरी काळजी सुरू झाली. नदी लाल झाली, चहासारखी. खाचेतून पाणी धो धो पडत होतं. माझ्या डोळ्यांना तर ते इतकं जोरात दिसायचं की मासा सोडा, म्हैस वाहून जाईल. बाबा रोज छत्री घेऊन जाऊन बसायचे. लोकांनी ठराव पाळला, बंधाऱ्याकडे जाळं घेऊन कुणी फिरकलं नाही. पण मासाही दिसला नाही. गढूळ पाण्यात दिसणार तरी काय? मी म्हटलं, गेले असतील. बाबा म्हणाले, असतील-नसतील मला सांगू नको. जेवायला बसले तरी कान बाहेरच्या पाण्याकडे. रक्तदाब वाढलेला निघाला, डॉक्टरांनी गोळी बदलली. मी देवीला नारळ बोलले आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

अशाच एका सकाळी मी बाबांकडे होते. बाहेर टेम्पो थांबला आणि माझ्या चुलत भावाने हाक मारली. तो किनाऱ्यावरच्या होमस्टेना नारळ आणि भाजी पोचवतो, त्याचा छोटा टेम्पो आहे. चेहरा आनंदाने फुललेला, अंग चिखलाने भरलेलं. आमच्याकडे वलगणीचा पहिला मोठा मासा वाडीतल्या सगळ्यात वडील माणसाच्या घरी न्यायची रीत आहे, आणि तो जिवंत न्यायचा, म्हणजे ताजा आहे हे दिसतं. टेम्पोत अर्धं कापलेलं निळं पिंप होतं, गुरांना पाणी ठेवतो तसं. त्यात ती होती. अंगाने वळून गोल झालेली, कारण पिंप तिला अपुरं पडत होतं. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं.

“काका, बगा तरी. गाभोळीनं भरलीया पुरी,” तो म्हणाला.

मला आधी राग आला. ठरावाला हात वर केलेस ना, दोन दोन हात वर केलेस ना, असं मी त्याला म्हणाले. तो गोंधळला, मग त्याला वाईट वाटलं, आणि मग त्यालाही राग आला. त्याने बंधाऱ्याकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. कोंडीपासून वर, आमच्याच भातशेतीच्या कडेला, बंधाऱ्यापासून चांगलं लांब त्याने जाळं लावलं होतं. कोंड देवीची, बंधाऱ्यापासून वर ग्रामसभेचं. मधलं कुणाचं होतं? ठरावात कुठे लिहिलं होतं? बंधाऱ्याचा पायथा बंद झाल्यापासून सगळे तिथेच लावतात, तो काही एकटा नव्हता.

त्याचं बरोबर होतं. नदी आम्ही वरून राखली, खालून राखली आणि मधे सोडून दिली. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वलगण धरायची जागा म्हणजे बंधाऱ्याचा पायथा, हे इतकी वर्षं डोक्यात बसलेलं. रोज काळजी करणारी मी, खाचेकडे डोळे लावून बसले होते, आणि मासे खाचेपर्यंत पोचतच नव्हते. बाबा इतके दिवस रिकाम्या दाराशी राखण करत बसले होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बाबांनी पिंपात हात घातला, हळूच, तिच्या पोटाखाली. मग भावाला विचारलं, टेम्पो गुरचरणापर्यंत जाईल का. भाऊ गाडीत बसला. बाबा पिंपाशेजारी मागे बसले, मी तांब्याने वरून पाणी घालत होते. रस्ता असा की दर खड्ड्याला पाणी सांडत होतं. तिचे कल्ले उघडत होते, मिटत होते, मधेच थांबायचे आणि माझा श्वासही थांबायचा. बाबांनी थंडीने काकडत असूनही हात बाहेर काढला नाही. गोळी घेतली होती का, हे मला त्या वेळी विचारायचं सुचलंच नाही.

टेम्पो चिखलात पुढे जाईना तेव्हा भावाने आणि मी पिंप उचललं. बाबा पुढे चालत होते, काठी टेकत, डॉक्टरांनी मना केलंय त्याहून पुष्कळ जोरात. मला वाटलं, ते बंधाऱ्याच्या खाली थांबतील. तिला उतरणीच्या पायथ्याशी सोडतील आणि ती खाचेतून चढते का ते बघतील. इतके दिवस त्यांना तेवढंच तर बघायचं होतं. पण ते थांबले नाहीत. बंधाऱ्याला वळसा घालून वर गेले, आणखी वर, जिथे पाणी गोट्यांवरून पसरून वाहतं तिथे. धारेशेजारी गुडघे टेकून बसले आणि आम्हाला पिंप वाकवायला सांगितलं.

मी म्हटलं, बाबा, खाली सोडली असती तर कळलं असतं, चढते का.

“तिला कशाला परीक्षेला बसवायची,” ते म्हणाले.

ती आडवी पडली, पोट वर. बाबांनी तिला दोन्ही हातांनी सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. पाणी तिच्या अंगावरून जात होतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेपटी एकदा हलली, मग बराच वेळ हललीच नाही. मी मनात जे जे देव आठवले त्यांना हाका मारल्या. मग बाबांचे हात रिकामे झाले. ती पोहत गेली की वाहून गेली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाणी गढूळ होतं. बाबा म्हणाले, वर गेली. हाताला कळलं.

भावाने त्यांना उठवायला हात दिला. तो ओशाळला होता, पण वाद सोडायला तयार नव्हता. चालता चालता त्याने विचारलं, “काका, मंग कोंडीपासून बंधाऱ्यापातुर मधलं कोनाचं धरायचं आता?”

बाबा काठीवर टेकून थांबले. दम लागला होता, ओठ निळसर दिसत होते.

“माझं धर,” ते म्हणाले. “मी हाय तवर.”

भावाने मान डोलावली, त्याला ते पटलं. वाडीतही सगळ्यांना पटेल, हे मला ठाऊक होतं. फिटरच्या शब्दाबाहेर कुणी जाळं लावलं नसतं. पण मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. पुढच्या ग्रामसभेला तो मधला पट्टा ठरावात घालायचा, आधी तेच, हे मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. बाबांच्या भरवशावर तो ठेवायची मला भीती वाटली.